नामदेवाच्या डोक्याचा फेटा

निमगाव केतकी, मंगळवार, १८ मार्च १९९७

राग अजून गेला नाही. जाऊही नये.

पुण्यात सोपानच्या मेंदूतली गाठ काढली, धाकटा भाऊ देवानं परत दिला. उजवा हात तेवढा जड राहिला. डॉक्टर म्हणाले, सवयीचं काम द्या, हात वळेल. आणि बघायला आलेला चुलतभाऊ नामदेव, सोपानच्याच उशाशी चहाचा भुरका मारत काय म्हणाला? "वैशाखात पोरीचं लगीन हाय. फेटं बांधायला दुसरा माणूस बघतो. ह्याचं सपलं आता." पंचक्रोशीत सोपानसारखा फेटा कुणी बांधत नाही, हे ठाऊक असून! तेव्हापासून सोपान भिंतीकडं तोंड करून पडला. हात हलवीना.

शेवटी मी घागर पालथी घातली, माझा फेटा त्याच्या मांडीवर टाकला. "हे नामदेवाचं टकुरं समज. आवळ!" आधी हसला, मग उठून बसला. रोज फेटा घसरतो, रोज मी घागरीला नामदेवाच्या नावानं शिव्या घालतो. एवढं वाईट मन बरं का? असू दे. त्याच्याच मांडवात, त्याच्याच डोक्यावर सोपानच्या हातून फेटा बांधवीन, तेव्हाच पंगतीला बसेन.

आज पहिल्यांदा फेटा घागरीवर टिकला. ऑपरेशनपासून एकेका शब्दावर आलेला सोपान घागरीकडं बघत सावकाश म्हणाला, "दादा... तोंड बी... झाकू का?"