नाल ठोकलेले बूट

लालबाग, जानेवारी १९५६, रात्र

झोप येणार नाही, म्हणून लिहितो.

कारखान्यात पाय भाजला म्हणून हे बूट मीच पारखून घेतले. जाड कातडं, टाचांना लोखंडी नाल. पहिल्या दिवशी जिन्यात ते वाजले आणि पोलीस आले समजून अख्ख्या चाळीने दारं लावून घेतली. मग सगळे हसले. पुढे आवाज आला की आई आतूनच म्हणायची, "सदा इलो गो, कडी काढ."

आजही तेच म्हणाली. वहिनीने कडी काढली. दारात पोलीस! मोर्चात होता म्हणून पोलिसांपासून लपून राहिलेला दादा नेमका आज जेवायला घरी आलेला. हातसुद्धा धुवू न देता नेला त्याला. मी कामावरच होतो. ओव्हरटाइमला का थांबलो?

बूट घ्यायलाच नको होते का? पण भट्टीपुढे चपलांवर कसं उभं राहायचं?

खाली फाटकाशीच शेजाऱ्यांनी सांगितलं. बूट काढून हातात घेतले, अनवाणी जिना चढलो. दार वाजवलं. "मी सदा," म्हटलं.

आत आई होती, वहिनी होती. कितीतरी वेळ कुणी कडी काढली नाही.