भिंतीची उष्णता तीनशेच्या आत बसवल्याबाबत

प्रति,
मा. भट्टी व उष्णता तपासणी अधिकारी,
विभागीय कार्यालय (तिसरा मजला), नागपूर.

विषय : लकडगंज येथील सामाईक भिंतीचे मोजमाप एकदा तरी योग्य एककात वाचण्याबाबत.

संदर्भ : आपली दि. 2, 9 व 16 मे 2025 ची तीन पत्रे आणि त्यांतील तीन वेगवेगळे आकडे.

महोदय,

अर्जदार धम्मानंद नत्थूजी रामटेके, वय 71, निवृत्त बॉयलर अटेंडंट, हा चौथ्यांदा सविनय कळवतो की,

1. अर्जदाराची खोली आठ बाय दहाची आहे. एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला ओटा, तिसरीकडे मोरी आणि चौथ्या भिंतीपलीकडे टोस्ट-खारीची बेकरी. बेकरीवाल्याने मार्च महिन्यात आपली भट्टी सरकवून या चौथ्या भिंतीला चिकटवली. दि. 11 एप्रिलला अर्जदाराची पत्नी शोभा मोरीत घसरली व तिच्या मांडीचे हाड मोडले. डॉक्टरांनी पायाला वजन बांधून तिला आठ आठवडे उताणे, कूस न बदलता पडून राहण्यास सांगितले आहे. खाट मावते ती त्या भिंतीलगतच. त्यामुळे पहाटे पाच ते दुपारी तीन, म्हणजे भट्टी पेटलेली असेतोवर, पत्नीची उजवी बाजू शेकत असते. दंडाची कातडी आता सोलू लागली आहे.

2. आपले कर्मचारी श्री. रजत हे दि. 24 एप्रिलला तत्परतेने आले, याबद्दल अर्जदार ऋणी आहे. त्यांनी विदेशी यंत्र भिंतीला लावले. आकडा आला 110. हे यंत्र दर तासाला, दर चौरस फुटाला किती बीटीयू उष्णता येते ते सांगते. आपल्या नियमातील मर्यादा 300 आहे, पण ती दर चौरस मीटरला इतके वॅट, अशी आहे. दि. 2 मेच्या पत्रात आपण कळवले की 110 हे 300 पेक्षा कमी असल्याने तक्रारीत तथ्य नाही. 110 हे 300 पेक्षा कमी आहे, याबाबत अर्जदाराचा कार्यालयाशी कधीच वाद नव्हता. अर्जदाराने एकतीस वर्षे गिरणीचा बॉयलर सांभाळला. तिथल्या वहीत आधी एकक लिहायचे आणि मगच आकडा, असा दंडक होता. किलोचा दाब पौंडात वाचला असता, तर आज अर्ज करायला अर्जदार उरला नसता.

3. बीटीयूच्या आकड्याला सुमारे 3.15 ने गुणले की वॅटचा आकडा मिळतो, म्हणजे 347, हे अर्जदाराने लेखी कळवले. कार्यालयाने ही सूचना मोकळ्या मनाने स्वीकारली आणि गुणण्याऐवजी भागले. दि. 9 मेच्या पत्रानुसार उत्तर आले 35, व 'भिंत अपेक्षेपेक्षा थंड असल्याचे आढळते'. अर्जदाराने हे पत्र भिंतीसमोर उभे राहून मोठ्याने वाचले. तिच्यात फरक पडला नाही. कार्यालयात विचारणा केली असता श्री. रजत म्हणाले, "काकाजी, मशीन जे दाखवून राहिली ते मी लिहून राहिलो. गुणाकार माह्या टेबलाचं काम नाही." गुणाकाराचे टेबल कोणते, हे कृपया कळवावे.

4. दि. 16 मेच्या पत्रात मात्र गुणाकार अचूक आहे. अर्जदाराने तो तीनदा पडताळला. फक्त या वेळी कार्यालयाने आकडा वॅटमध्ये न नेता दर तासाच्या किलोकॅलरीत नेला. उत्तर आले 298. तीनशेला दोन कमी, सबब पुन्हा मर्यादेत. जगात इतकी एकके असताना नेमके हेच शोधून काढणाऱ्या कर्मचाऱ्याची बढती व्हावी, अशी अर्जदाराची मनापासून शिफारस आहे. त्याच पत्रात कुलर लावण्याचा सल्ला आहे. कुलर एप्रिलपासूनच चालू आहे. तो पत्नीची डावी बाजू गार करतो.

5. आपल्या सोयीसाठी अर्जदाराने स्वतःचे एक एकक काढले आहे. भिंत आणि खाट यांच्यामध्ये तो ओली चादर बांधतो. ती अर्ध्या तासात कडक वाळते. भट्टीच्या दहा तासांत वीस वेळा भिजवावी लागते. त्या हिशेबाने आपली 300 ची मर्यादा म्हणजे सतरा चादरी. भिंत वीस वाळवते. यात बीटीयू नाही, किलोकॅलरी नाही, बादली आहे. पत्नीला हे समजावून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "अजी, त्यायले म्हणा, यंत्र ठेवा बाजूले अन् एक दुपार माह्या जागी पडून पाहा." अर्जदाराला त्यावर हसू आले नाही. ज्याने जन्मभर गिरणीची आग ताब्यात ठेवली, त्याला बायकोच्या अंगावरची आग वीतभर मागे सरकवता येत नाही, याची त्याला लाज वाटते.

6. आता फोनवरून कळते की दि. 27 मेला सकाळी अकरा वाजता सुनावणी असून 'बाधित व्यक्तीने' जातीने हजर राहायचे आहे. कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट बंद आहे. बाधित व्यक्तीच्या पायाला साडेतीन किलोचे वजन बांधलेले आहे. हा आकडा किलोतच वाचावा.

सबब विनंती की, सुनावणी त्याच दिवशी, त्याच वेळी अर्जदाराच्या खोलीत घ्यावी. भट्टी तेव्हा पेटलेली असेल. यंत्र आणले नाही तरी चालेल. येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी खुर्चीची सोय केली आहे. ती एकच आहे आणि खाटेच्या उशाकडे, चादर जिथे संपते तिथे, भिंतीला टेकवून ठेवली आहे.

आपला, अद्याप नम्र,
(सही)
धम्मानंद नत्थूजी रामटेके
लकडगंज, नागपूर
दि. 19 मे 2025

सोबत :
1) आपल्या तिन्ही पत्रांच्या प्रती.
2) डॉक्टरांची चिठ्ठी. तिच्यात 'भाजणे' असा शब्द आहे, एकक दिलेले नाही.
3) चादर, एक. पाहून लगेच परत करावी, पुढची भिजवायची वेळ झाली आहे.