दहा ओळींवर एकच नाव

अप्पा, तुमचा तो कॉम्प्युटरवरचा विटा फोडायचा खेळ मी देऊन टाकला. आई गेल्यावर वेलचेरीचं घर रिकामं करायचं होतं, आणि भोगीला जुनं बाहेर काढून दारात जाळायचं ही तर तुमचीच शिस्त. माळ्यावर त्या खेळाची मोठी, मऊ फ्लॉपी ऑफिसच्या तपकिरी पाकिटात सापडली. कॉम्प्युटर पुराच्या पाण्यात केव्हाच गेला होता. माझ्या ऑफिसातले एक सहकारी जुनी यंत्रं जमवतात, त्यांना ती दिली. दारातल्या शेकोटीत टाकण्यापेक्षा बरं, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे ती हातात धरवत नव्हती.

तुमच्या नुंगंबाक्कमच्या ऑफिसने मोडीत काढलेला तो कॉम्प्युटरचा डबा तुम्ही ऑटोत मांडीवर घेऊन घरी आणलात, तेव्हा मी बारा वर्षांची होते. चालू केला की आधी तारीख विचारायचा. बाकीचे नुसतं बटण दाबून पुढे जात. तुम्ही कारकुनी इमानाने दरवेळी तारीख घालायचात, मलाही घालायला लावायचात; खेळात तीच तारीख स्कोअरपुढे उमटायची. माझा स्कोअर पहिल्यांदा वरच्या दहांच्या यादीत आला तेव्हा मी हरखून नुसतं माझं नाव टाइप करतेय, आणि तुम्ही मागे उभे. "इनिशियल कोठें? तुला बाप नाही काय?" मी डोळे पुसत तमिळ रीतीप्रमाणे तुमच्या नावाचं पहिलं अक्षर माझ्या नावाआधी लावलं.

पुढे मी जातीबाहेर लग्न केलं. घर सोडताना तुम्ही दारात एवढंच म्हणालात, "आता माझें अक्षर लावूं नकोस." इथल्या रीतीने लग्नानंतर नवऱ्याचं अक्षर लागतंच, तुमचं आपोआप गळणारच होतं. पण तुम्ही ते मागून घेतलंत, ते मला फार लागलं. त्यानंतर चार वर्षं, तुम्ही जाईपर्यंत, एक शब्द नाही. आई तुमच्या नकळत शेजारून फोन करायची. सांगायची, रिटायर झाल्यापासून दुपारभर त्या डब्यापुढे बसतात, डोळे जातील एक दिवस. मी चिडून म्हणायचे, बसू दे. विटा फोडायला वेळ आहे, मुलीला फोन करायला नाही.

काल त्या सहकाऱ्यांचा फोन आला. फ्लॉपी चालली म्हणून ते खुशीत होते. मला म्हणाले, "यादीत दहाच्या दहा ओळींवर तुमचंच नाव आहे, फक्त इनिशियल वेगळं, लग्नाआधीचं असणार." मग त्यांनी आकडे वाचून दाखवले. माझी मजल कधी तिसऱ्या भिंतीपलीकडे गेली नव्हती, अप्पा. तारखाही वाचल्या. सगळ्या माझ्या लग्नानंतरच्या. शेवटची तर तुम्हाला हॉस्पिटलात नेलं, त्याच्या आदल्या दिवसाची. जुन्या मशीनच्या तारखा काय, काहीही असतात, असं म्हणून ते हसले. तुमच्या मशीनची तारीख कधीच चुकीची नसायची, हे त्यांना कुठून माहीत असणार?

मग त्यांनी विचारलं, "यादी पुसून नव्याने सुरू करू का?"

"पुसा," मी म्हणाले. लगेच. त्यांनी फोन कानाशी धरूनच बटणं दाबली, तो आवाज मला ऐकू आला. मला तुमचा इतका राग आला होता. चार वर्षं रोज दुपारी माझं नाव लिहीत बसलात, तेही तुमचं अक्षर लावून, आणि घरापासून दोन गल्ल्यांवरच्या फोन बूथपर्यंत जाववलं नाही? फोन ठेवल्यावर बाथरूमचं दार लावून रडले. तोवर उशीर झाला होता.

हे पत्र कुठे टाकणार, तुमच्याच तपकिरी पाकिटात घालून ठेवते. एक राहिलं. यादी पुसल्यावर ते कौतुकाने म्हणाले, काय हात होता हो तुमचा. मी त्यांना थँक्स म्हटलं. तो हात माझा नव्हता, एवढंही मी सांगितलं नाही.