काकाजींनी लिहून दिलेली दोन वर्षं

अमरावती,
रविवार, ११ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप वामनराव काकाजी यांना पौर्णिमाचा वाकून नमस्कार. काकूंनाही सांगावा.

पाकीट पाहून तुम्ही आधी ते उलटंसुलटं कराल आणि मग काकूंना विचाराल, या पोरीचा फोन बिघडला का म्हणून. फोन ठीक आहे. पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, आणि ऐकायचं यंत्र तुमच्या कानापेक्षा टेबलाच्या खणात जास्त असतं, असं काकूंनीच सांगितलं. आजचं बोलणं मध्येच तुटलं तर पुन्हा सुरू करायला मला जमणार नाही. म्हणून कागद घेतला.

इकडे सगळं बरं आहे. आई माझ्याकडेच असते. दुपारी गच्चीवर उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलते आणि इकडच्या शेंगांना अकोल्याची चव नाही, हे रोज ऐकवते. अमोलची बदली बँकेच्या भातकुली शाखेत झाली, त्यामुळे तो संध्याकाळी उजेड असतानाच घरी येतो. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे तुमच्या शेखरदादांकडून समजलं. थेंब वेळेवर टाकायचे म्हणावं.

शेखरदादांचा फोन गुरुवारी आला होता. तुम्ही माझ्यावर नाराज आहात, असं ते म्हणाले. मी खोदून विचारलं तेव्हा तुमचे शब्द त्यांनी जसेच्या तसे सांगितले: "पौर्णिमा मोठी झाली. आता तिले आपला कागद चालत नाई."

हे खरं नाही, असं कळवायला मी लिहायला बसले होते. पण ते पुष्कळसं खरं आहे, काकाजी. तेव्हा पहिल्यापासून सांगते.

तुम्ही दर वेळी विचारता, तुझं ते एचआर म्हणजे करतं तरी काय, आणि मी दर वेळी भरती-रजा-बढती असं काहीतरी सांगून मोकळी होते. आज नीट सांगते. आमची संस्था कापूस पिकवणाऱ्या आणि वेचणाऱ्या माणसांसाठी काम करते. मुख्य कार्यालय नेदरलँड्समध्ये आहे. चार देशांत मिळून सहाशेवर कर्मचारी आहेत, आणि त्यांतल्या कोणाला घ्यायचं, कोणाला वर न्यायचं, कोणाची तक्रार खरी आणि कोणाची रागातली, हे शेवटी माझ्याकडे येतं. मी इथल्या कॅम्प भागातल्या ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर बसते आणि केनियातल्या दोन साहेबांचं भांडण मिटवते. हे काम मला चांगलं येतं. माणूस समोर बसला की त्याला काय म्हणायचंय आणि तो काय म्हणत नाहीये, हे मला पंधरा मिनिटांत समजतं. स्वतःच्या बाबतीत मात्र तेवीस वर्षं लागली.

तुम्ही शिफारस केलेली संध्या काळमेघ, तिवस्याची. मुलाखतीला एकोणीस जण होते, त्यांत ती सरस ठरली. एका बाईने गैरहजेरीचं खोटं कारण सांगितलं तर काय कराल, असा प्रश्न आम्ही सगळ्यांना विचारतो. बाकीच्यांनी नियम सांगितले. संध्या म्हणाली, आधी तिला खरं कारण सांगायला भीती कशाची वाटली ते पाहीन. आम्ही तिघांनीही तिला पहिला नंबर दिला.

मग कागदपत्रं तपासायला गेली. ते काम बाहेरची एक कंपनी करते. त्यांच्या माणसाने तुम्हाला फोन केला आणि तुम्ही सांगितलंत, हो, माझ्या जिनात दोन वर्षं होती, २०२२ ते २०२४, पोरगी चोख आहे. त्यांनी हिरवी खूण करून फाईल पाठवली. शेवटची सही माझी असते.

स्क्रीनवर तुमचं लेटरहेड उघडलं. पिवळसर कागद, जुना फोन नंबर खोडून खाली पेनाने लिहिलेला मोबाइल. आणि चौथी ओळ: 'कामगारांशी वागणूक मायाळू व ठाम.' ती ओळ मला पाठ आहे. माझ्याही कागदावर तीच होती.

तुमचं कापसाचं जिन २०१६ साली बंद झालं. सरकी वेगळी करणारे रेचे ट्रकवर चढत होते तेव्हा मी अकोल्यातच होते. बाबा रस्त्याच्या पलीकडे उभे होते. एकतीस वर्षं त्याच रेच्यांचे फिटर म्हणून काम केलेलं, तरी आत यायला तयार नव्हते. आज त्या शेडमध्ये मंगल कार्यालयाच्या खुर्च्या ठेवलेल्या असतात. तिथे २०२२ साली कोणी कामगार सांभाळले असतील, हे होणारच नाही. पण हे आमच्या ऑफिसात माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

मी संध्याला फोन केला. तिने आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाली, गावात बायांच्या गटाचं संत्र्यांच्या पॅकिंगचं शेड आहे, तिथे चौदा महिने बावीस बायांच्या पाळ्या, सुट्ट्या, भांडणं तिनेच सांभाळली; पण गटाकडे ना शिक्का ना लेटरहेड, आणि आमच्या जाहिरातीत दोन वर्षं आणि प्रमाणपत्र, दोन्ही पाहिजे होतं. कोणीतरी तुमचा पत्ता दिला, ती अकोल्याला आली, तुम्ही तिला अर्धा तास प्रश्न विचारले, चहा पाजला आणि कागद दिला. मग फोन ठेवता ठेवता तिने विचारलं:

"मॅडम, एक इचारू? जिन बंद आहे हे तपासनीवाल्याले नाई समजलं. मंग तुमाले कसं मालूम?"

मी म्हणाले, आमच्याकडे माहितीचे मार्ग असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नकाराचं पत्र गेलं. त्या पत्राचा मसुदा माझाच आहे. खोटा अनुभव दाखला आढळला तर निवड रद्द, कारण ऐकलं जाणार नाही, हा नियमही २०१४ साली मीच लिहिला. अकरा वर्षांत त्या नियमाने मी सात जणांना परत पाठवलं. त्यांतला योगेश नावाचा मुलगा समोर बसून रडला. मी त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि नियम पुन्हा वाचून दाखवला. संध्या आठवी.

त्यानंतर नऊ दिवस मी रोज ऑफिसला गेले, बैठका घेतल्या, आणि घरी येऊन आईला शेंगा सोलायला मदत केली. अमोलला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तुला तेवीस वर्षांनी कोण विचारणार आहे? अगदी बरोबर आहे. कोणीच विचारणार नव्हतं. म्हणून तर मी इतकी वर्षं नीट झोपले.

तुम्हाला तो दिवस आठवतो का, माहीत नाही. २००३ चा मार्च. मी समाजकार्याचं शिक्षण संपवून एक हंगाम तुमच्याकडे बायांची हजेरी पाहत होते. संस्थेची जाहिरात आली, त्यात दोन वर्षांचा अनुभव मागितला होता. बाबा तुमच्यासमोर उभे होते. तुम्ही जाहिरात वाचली आणि म्हणालात, "दोन वर्सं पायजे ना? मंग दोन लिहू. काम करते का नाई, हे मले मालूम आहे." मुनीम डोमाजी टाइपरायटरवर बसले होते. त्यांनी विचारलं, "कवापासून लिहू जी?" तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलंत आणि म्हणालात, "लिही दोन हजारच्या दिवाळीपासून. सण आठवनीत राह्यते." डोमाजी हसले. मीही हसले, काकाजी. मला काही चुकीचं वाटलं नाही. आनंद झाला.

तो कागद देऊन मी नोकरीला लागले. आणि तेव्हापासून तुमच्यापासून लांब राहू लागले. हे तुमच्या लक्षात आलं असेल, तुम्ही कधी बोलला नाहीत. दिवाळीला येते म्हणायचे, येत नव्हते. सहा-सात वर्षांपूर्वी तुम्ही लग्नासाठी अमरावतीला आला होता आणि पिशवीभर हरभऱ्याचे घाटे घेऊन ऑफिसात आलात. त्या दिवशी आमचे परदेशचे पाहुणे होते. मी तुमची ओळख 'अकोल्याचे एक परिचित' अशी करून दिली. तुम्हाला पाहुण्यांच्या खोलीत बसवलं, चहा मागवला, आणि दहा मिनिटांत मला बैठक आहे असं सांगितलं. बैठक नव्हती. तुम्ही त्यांच्याशी बोलता बोलता, ही माझ्या जिनात होती, असं म्हणाल आणि कोणीतरी विचारेल, किती दिवस, याची मला भीती वाटली. घाटे मात्र सगळ्यांनी आवडीने खाल्ले. तेही मी तुम्हाला कळवलं नाही.

आता मी काय केलं ते ऐका.

बुधवारी मी माझ्या वरिष्ठ मार्लेनबाईंना सगळं लिहून पाठवलं. संध्याचा कागद खोटा आहे हे मला कसं समजलं, आणि माझा कागदही त्याच टाइपरायटरवरचा आहे, हे. त्यांचा फोन तासाभरात आला. त्या चिडल्या नाहीत, पण गोडही बोलल्या नाहीत. भरतीच्या सह्या माझ्याकडून काढून घेतल्या आहेत. मंगळवारी, २० तारखेला, तीन जणांची समिती माझं म्हणणं ऐकेल. नोकरी राहील किंवा जाईल. मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, हे मला नक्की सांगता येत नाही, आणि ही गोष्ट मला बरी वाटते. महिन्याभरापूर्वी लगेच सांगता आलं असतं.

परवा शुक्रवारी तिवस्याला जाऊन आले. संध्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. तिचे वडील मेथीच्या जुड्या बांधत होते, ती पाणी शिंपडत होती. मला पाहून तिने बसायलाही सांगितलं नाही, आणि बरोबरच होतं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, हात पुसले आणि विचारलं, "मंग आता तुमाले काढतीन का?"

मी म्हटलं, काढतीलही.

"मंग दोघी संगंच अर्ज करू," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे आत जाऊन चहा ठेवला.

तिची निवड आता मी परत आणू शकत नाही, तो अधिकार माझ्याकडे नाही. पण मार्लेनबाईंना पाठवलेल्या पत्रात मी एक सूचना लिहिली आहे: ज्याच्याकडे लेटरहेड नाही त्याच्या कामाच्या जागी जाऊन दोन माणसांशी बोलावं आणि तो अनुभव धरावा. मी राहिले नाही तरी ती सूचना राहील. तिवस्याच्या त्या बावीस बायांना कोणी विचारलं, तर संध्याला कोणाच्या कागदाची गरज पडणार नाही.

काकाजी, तुम्ही मला फसवायला शिकवलंत, असं मी कुठेही म्हटलेलं नाही आणि म्हणणार नाही. त्या कागदावर माझ्याबद्दल लिहिलेला एकही गुण खोटा नव्हता. तारखा तेवढ्या खोट्या होत्या. तुम्ही माणूस पाहून लिहून देत होता. पण आता कोणाला देऊ नका. ज्यांना तुम्ही देता त्यांना मग आयुष्यभर तुमच्या घरावरून मान खाली घालून जावं लागतं. निदान मी तरी तशी गेले.

आणि एक आठवण. त्या हंगामात, डिसेंबरात, बोरगावच्या बाया तीन दिवस आल्याच नाहीत. दुसऱ्या जिनाने फोडल्या, असं मुकादम सांगत होता आणि तुम्ही मजुरी वाढवायच्या बेतात होता. मी एसटीने बोरगावला गेले आणि वच्छलाबाईंच्या ओसरीवर बसले. कारण एवढंच निघालं की पाळी सहाला सुटायची आणि त्यांची शेवटची गाडी पावणेसहाला निघायची. अंधारात चालत जायला त्या कंटाळल्या होत्या. मी विचारलं, मग सांगितलं का नाही? वच्छलाबाई म्हणाल्या, "आमाले कोनी इचारलंच नाई माय." तुम्ही दुसऱ्या दिवसापासून पाळी अर्धा तास अलीकडे घेतलीत.

संस्थेच्या मुलाखतीत मी हीच हकिकत सांगितली आणि तिच्यावरच मला नोकरी मिळाली, असं नंतर समजलं. फक्त मी ती 'माझ्या दुसऱ्या वर्षी' घडली असं सांगितलं. दुसरं वर्ष नव्हतंच. ते नसतं सांगितलं तरी चाललं असतं, हे तेव्हा ना मला समजलं, ना तुम्हाला, ना बाबांना. आज मी एवढ्या माणसांचं बघते, ते ओसरीवर शिकलेल्या त्या एका गोष्टीवरच.

समितीने माझ्याकडे त्या काळाचा खरा दाखला मागितला आहे. तो फक्त तुम्ही देऊ शकता. शनिवारी, १७ तारखेला, सकाळच्या गाडीने आईला घेऊन येते. संक्रांतीचं वाण काकूंच्या हातून घेईन, जेवून जाईन, आणि या वेळी बैठक आहे म्हणणार नाही. तोवर लिहून ठेवा. लेटरहेड नको, डोमाजींची ती 'मायाळू व ठाम' ओळही नको. वहीचा साधा कागद घ्या आणि तुमच्या हाताने लिहा. ही चारच महिने होती, हे पहिलं वाक्य असू द्या. पुढे तुम्हाला जे खरंच आठवत असेल तेवढंच लिहा. दोन ओळी झाल्या तरी मला पुरतील.

तुमच्या जिनात नोव्हेंबर २००२ ते फेब्रुवारी २००३ काम केलेली,
पौर्णिमा