शुक्रवारचा सोलो

३ मे, शुक्रवार
हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये पहिला दिवस. स्मूद जॅझ. कीबोर्डवाला गाढव आहे, माझ्या सोलोत लुडबुडतो. गिटार कोणाकडे शिकलात, असं विचारलं त्याने. कोणाकडेही नाही, म्हणालो. ऐकू येतंच, म्हणाला.
मॅनेजर महिनाअखेरीस कायम करायचं की नाही ते ठरवणार. नाही केलं तर मेहुण्याच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं, असं बायकोने परस्पर ठरवलंय. मेहुणा म्हणे, दाजींसाठी स्टूल पुसून ठेवलंय.

१० मे, शुक्रवार
कीबोर्डवाल्याविरुद्ध लेखी तक्रार दिली. अकरा मुद्दे. गेला. आता साथ रेकॉर्डेड. साउंडवाल्याला बजावलं, हॉलमधला कलकलाट नको, इयरफोनमधून कानात फक्त ठेका आणि माझी गिटार. तो म्हणाला, काका, तुम्ही तुमचं ऐका, लोकांचं मी बघतो. उद्धट. पण ऐकतो.

१७ मे, शुक्रवार
टाळ्या. आठ नंबरच्या टेबलावरच्या बाईंनी काटा खाली ठेवला. दुसऱ्या सोलोत दोन सूर घसरले, एकालाही कळलं नाही. यांना कानच नाहीत. मॅनेजर म्हणाला, कमालीची सुधारणा आहे. सुधारणा? कशात?
सोमवारपासून रोज चार तास रियाज.

२१ मे, मंगळवार
रियाज नाही. मी गिटार घेतली की बायको मिक्सर लावते. मुद्दाम. मेहुण्याचा फोन. दाजी, स्टुलावर उशी टाकू का? फोन आपटला.
तारा बदलायच्या होत्या. जुन्यांचा गोडवा वेगळा. राहू दिल्या.

३१ मे, शुक्रवार
सोलो ऐन रंगात असताना पहिली तार तुटली. गालाला लागली. हात थांबला. कानात नुसता ठेका. लोक मात्र डोलतच होते. इयरफोन काढला. हॉलभर गिटार वाजत होती. स्वच्छ, एकही सूर न घसरता. साउंडवाल्याने खूण केली, हात हलता ठेवा. ठेवला.
नंतर मॅनेजर म्हणाला, रेकॉर्डिंग गिटारसकटच आहे, तुमची फक्त तुमच्या कानात जाते. पहिल्या शुक्रवारी माणसं जेवण अर्धवट टाकून उठली होती. पण दिसता रुबाबदार. कायम करतो. फक्त तारा काढून या, तुटलेली दिसली की शोभत नाही.
त्याला चांगलं सुनावलं. मनात.

१ जून, शनिवार
तो रेकॉर्डिंगमधला गिटारवाला जो कोण आहे, त्याला शून्य अक्कल आहे.
उरलेल्या पाचही तारा काढल्या. मग मेहुण्याला फोन करून सांगितलं, कायम झालो.