संत्र्याच्या रसातली कोंबडी अन् नागपूरचं पाकीट

बाबा,

यंदाही एप्रिलच्या शेवटच्या रविवारी चाचांच्या बागेत कोंबडी मीच भाजली. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, पण शेंदूरजनाघाटचं ते उन्हाळ्यातलं जेवण काही बंद पडलं नाही. हापिसात तुमच्या शेजारच्या टेबलावर बसणारे चाचा आता ऐंशीच्या पुढं गेलेत, कानात यंत्र आहे, चार पावलं चालायची तरी सुनेचा खांदा लागतो. तरीही आठ दिवस आधी त्यांचा फोन येतो. "बेटी, तुह्यासाठी दोन झाडं राखून ठेवली हायेत. पाखरं खाऊन राहिली, लवकर ये." मृगाच्या बहाराची ती शेवटची संत्री, साल सुटलेली, रस नुसता गोड. त्यात लिंबू पिळल्याशिवाय कोंबडीला धार येत नाही, हे तुमचंच वाक्य. मी अमरावतीहून सकाळच्या गाडीनं गेले, चुलीसाठी झाडांच्या वाळक्या काड्या गोळा करून ठेवलेल्या होत्या, आंब्याखाली सतरंज्या पडल्या होत्या, चाळीसेक माणसं होती. सगळं दरवर्षीसारखंच होतं, म्हणून मी काही बेसावध होते असं नाही. सावध राहायचं काही कारणच नव्हतं.

अकोल्याच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात तुम्ही बनियनवर उकिडवे बसला आहात आणि मी तुमच्या शेजारी. मी अकरा-बारा वर्षांची असेन. लोखंडी पिंप उभं चिरून केलेली ती शेगडी, वर लोहाराकडून करून आणलेली जाळी. आदल्या दिवशी तुम्हाला खूश करायचं म्हणून मीच कोंबडीला रस, मीठ, लसूण, मिरची सगळं चोळून रात्रभर ठेवून दिलेलं असतं, आणि सकाळी झाकण काढून तुम्ही तुकडा बोटानं दाबता तर तो पिठासारखा दबतो. "हे काय करून ठेवलं तू? आंबटात रातभर ठेवते का कोनी? मांसाचा पार भुगा झाला." आई आतून म्हणते, लेकरू आहे, जाऊ द्या. तुम्ही म्हणता, "लेकरू हाये म्हनूनच सांगून राहिलो." मग माझं बोट धरून तुम्ही ते त्या मऊ मांसावर ठेवता, आणि नंतर दुसऱ्या, न चोळलेल्या तुकड्यावर. फरक कळला का, विचारता. कळला. त्या दिवसापासून दोन तास म्हणजे दोन तास. सांबार आणि पुदिना वाटून अर्धा आधी, अर्धा शेवटी. आमच्या इकडं कोथिंबिरीला सांबारच म्हणतात हे पुढं परजिल्ह्यातल्या मैत्रिणींना समजावून सांगता सांगता माझी जीभ दुखायची. कुंडीतल्या ओव्याची चार पानं चुरडून घालायची कल्पना मात्र माझी होती. ती तुम्ही चाखलीत आणि त्यानंतर दरवेळी तुम्हीच मला कुंडीकडं पाठवायला लागलात. रसात साखर असते म्हणून जाळावर कोंबडी ठेवायची नाही, निखाऱ्यावर राख चढू द्यायची, हाडाची बाजू आधी. हे मला कुठल्या शाळेत शिकवलं नाही. ज्या शाळेत शिकवलं असतं, तिथं तुम्ही मला जाऊ दिलं नाहीत, हे मला आत्ता कळलं.

बारावीनंतर नागपूरच्या त्या कॉलेजचा अर्ज तुम्हीच आणून दिला होता, याचा मला अजून उलगडा होत नाही. हॉटेल, स्वयंपाक, पाहुणचार शिकवणारं कॉलेज. माझ्या वर्गातल्या कुणाला त्याचं नावही माहीत नव्हतं. क्वार्टरवर टपाल हरवतं म्हणून पत्ता तुमच्या हापिसाचा घातला, तोही तुमच्याच अक्षरात. मुलाखतीला तुम्ही मला रेल्वेनं घेऊन गेलात. आत तीन लोक बसले होते, त्यांनी विचारलं, घरी काय बनवता येतं? मी संत्र्याच्या रसातल्या कोंबडीबद्दल सांगायला लागले आणि थांबलेच नाही. एका बाईंनी तर लिहून घेतलं. बाहेर आले तेव्हा तुम्ही बाकावर बसून होता, पायातले बूट काढून शेजारी ठेवलेले. "कसं झालं?" म्हणालात. मी म्हटलं, "बाबा, ते हसत होते, पण चांगलं हसत होते." तुम्ही बूट घातले आणि परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, थकला असाल.

मग जुलैमधल्या एका संध्याकाळी तुम्ही हापिसातून आलात, सायकल भिंतीला लावली आणि म्हणालात, "यादी लागली म्हनते नागपूरची. तुहं नाव नाही त्यात." मी न्हाणीत जाऊन रडले. मग बाहेर येऊन तुमच्या खांद्यावर रडले. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. आईला म्हणालात, "तिले जेवाले आग्रह नोको करू." आणि स्वतः चौकात जाऊन कुल्फी घेऊन आलात, ती घरी येईपर्यंत वितळून गेली, तर पुन्हा गेलात आणि पुन्हा आणलीत. मी तुमच्याकडं पाहून ती खाल्ली. आठच दिवसांनी अमरावतीच्या डीएडचा अर्ज आला. मास्तरीण झाले, सत्तावीस वर्षं झाली त्याला. अमरावतीत नोकरी, नवरा, दोन मुलं. दर उन्हाळ्यात चाचांच्या बागेत तुमच्या शेजारी बसून कोंबडी उलटत राहिले. लोक वाखाणायचे तेव्हा तुम्ही माझ्याकडं बोट दाखवायचात. "चव तिच्या हातात हाये, मी तं फकस्त जाळ सांभाळतो."

यंदा चाचांची सून ताट घेऊन जाळीपाशी आली. तिला अजून पदार्थाचं कौतुक करताना लाजायची सवय लागलेली नाही. म्हणाली, "दीदी, तुम्ही शाळेत कायले गेल्या? हॉटेल काढाले पाह्यजे होतं." मी हसले. म्हटलं, "अगं, मला तर कॉलेजात सुद्धा कुणी घेतलं नाही. नागपूरच्या यादीत नावच नव्हतं लागलं." चाचा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मला वाटलं होतं, त्यांना ऐकू येत नाही.

"कोन म्हनते लागलं नव्हतं?" ते म्हणाले. "लागलं होतं ना."

मी म्हटलं, "चाचा, तुम्ही दुसऱ्या कुणाचं सांगून राहिले."

"दुसऱ्या कोनाचं कसं? पाकीट माह्याच टेबलावर टाकलं होतं टपालवाल्यानं. लंबं, खाकी पाकीट. तुह्या बापाले मीच देलं. मीच म्हनलं, मुबारक हो, पेढे आन." त्यांनी डोळे उघडले, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि मग त्यांचा आवाज खाली आला. "तुले... तुले सांगितलं नाही त्यानं?"

मी चिमट्यानं एक तंगडी उलटली. दुसरी उलटली. चाचा बोलत राहिले, थांबावं की बोलावं हे त्यांना कळेना, म्हणून बोलत राहिले. पाकीट तुम्ही दोन दिवस फायलीत ठेवलं म्हणे. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फाडून चहाच्या शेगडीत टाकलं. चाचांनी हात धरला होता तुमचा. त्यांना तुम्ही काय म्हणालात ते त्यांनी जसंच्या तसं सांगितलं: "माह्या मायनं लोकाइच्या लग्नात उष्ट्या पत्रावळी उचलल्या, मंडपाच्या बाहेर बसून. वाढलेलं घरी आनलं तं आमी खाल्लं. दीक्षा घेतल्यावर तिनं थे काम सोडलं अन् मले शिकोलं. आता माही पोरगी कोट घालून पुन्हा लोकाइच्या ताटापाशी उभी राहीन? नाही." चाचा म्हणाले, "मी म्हनलं, अरे, तिले तं विचार. तो म्हने, विचारतो. मंग तू डीएडले गेली. मी समजलो, तूच नाही म्हनली असशीन. इतके साल मी थेच समजत होतो, बेटी."

त्या दिवशीची कोंबडी एका बाजूनं करपली. मीही जेवले, सगळ्यांबरोबर, आणि भांडी आवरायलाही थांबले. परतीच्या गाडीत मोर्शीला माणसं उतरली-चढली, कुणीतरी माझ्या मांडीवर पिशवी ठेवली, मी ती धरून बसले.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेले, भावाकडं. आई गच्चीवर जायच्या जिन्यात सावलीला बसून लसूण सोलत होती. मी विचारलं, "नागपूरचं पत्र आलं होतं, तुले माहीत होतं?" तिनं हातातली पाकळी पुरती सोलली, वाटीत टाकली. म्हणाली, "जाळल्यावर सांगितलं त्यायनं."

"अन् तू गप राहिली?"

"मंग काय करू? जळलेलं पत्र चिकटवू? तू शाळेवर लागली, खूश होती."

"मी खूश होती?"

"दिसत तं होती." मग पदरातली सालं झटकून म्हणाली, "त्यायचं काही चुकलं नाही, असं मी म्हनत नाही. पण ते रात्री उठून बसत होते तेव्हा. मायचं नाव घेत होते." आणि पुन्हा लसूण सोलायला लागली, जणू तेवढ्यानं माझा हिशोब मिटला.

बाबा, माझी आजी मंडपाबाहेर पत्रावळी उचलायची, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी, एका परक्या माणसाच्या तोंडून कळलं. तुम्ही ते चाचांना सांगितलंत. मला सांगितलं नाहीत. त्या जुलैत तुम्ही मला समोर बसवून एवढं सांगितलं असतं ना, की बाई, माझ्या आईनं असं असं केलं आहे, मला हे सोसवणार नाही, तर मी कदाचित स्वतःहून अर्ज मागं घेतला असता. नसताही घेतला. भांडले असते तुमच्याशी, म्हटलं असतं, पत्रावळी उचलणं आणि ज्याचं ताट आपण ठरवतो ते वाढणं, यात फरक आहे. तुमच्या आईला जे निवडता आलं नाही ते मला निवडता आलं असतं. त्यासाठीच तर तिनं ते काम सोडलं होतं. पण तुम्हाला माझ्याशी भांडणंही नको होतं. तुम्हाला मी हवी होते, हरलेली आणि तुमच्यावर न चिडलेली. पत्र जाळलंत ते मी एकवेळ समजून घेईन. बाप घाबरतात, मीही आई आहे. पण ज्यानं जाळलं त्याच्याच खांद्यावर तुम्ही मला रडू दिलंत. दोनदा कुल्फी आणलीत. तुमच्या शर्टाला तेव्हा कसला वास येत होता हे मी आठवायचा प्रयत्न करते आहे, आणि मी असं काही आठवायला बसले याचीच मला चीड येते.

सत्तावीस वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही, तेवढं समाधान मी तुम्हाला देणार नाही आणि तेवढं दुःखही नाही. माझ्या हाताखालून वाचायला शिकलेल्या पोरी आज बँकेत भेटतात, पाया पडायला वाकतात, मी पडू देत नाही. पण शाळेत दुपारची खिचडी आली की चाखून नोंदवहीत सही करायचं काम मी इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाला करू दिलेलं नाही. खिचडी करणाऱ्या ताई मला पाहून आधीच म्हणतात, "सांगा मॅडम, आज काय कमी हाये." कधी मीठ, कधी लिंबू. एकदा मी घरून ओव्याची पानं घेऊन गेले होते, पोरांनी दोनदा मागून घेतली. त्या दिवशी तुम्हाला फोन केला होता मी. तुम्ही तेव्हा आजारी होता. खूप वेळ ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "चांगलं केलं." आणखी काहीतरी म्हणणार होता, खोकला आला. तो खोकलाच होता असं मी अकरा वर्षं धरून चालले होते.

कूलर चालू आहे, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, नवरा आत झोपला आहे. हे मी मुलीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. पोस्टात टाकायला पत्ता नाही, आणि फोटोपुढं ठेवून अगरबत्ती लावावी इतकं माझं मन अजून तुमच्याकडं वळलेलं नाही. वही कपाटात जाईल. चाचांचा काल फोन आला होता, माफी मागत होते. मी त्यांना म्हटलं, तुमचं काय चुकलं? पुढच्या वर्षी येईन म्हटलं. येईन की नाही, खरंच ठाऊक नाही.

एवढं सगळं लिहून झाल्यावर एक गोष्ट राहते, ती ना आईला सांगितली, ना नवऱ्याला. त्या संध्याकाळी सायकल भिंतीला लावून तुम्ही "तुहं नाव नाही" म्हणालात ना, तेव्हा न्हाणीत जाऊन रडायच्या आधी, एक क्षणभर, अगदी क्षणभरच, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. नागपूरला एकटीनं राहायची मला फार भीती वाटत होती, बाबा. ती तुम्हाला माझ्या तोंडावर दिसली होती का, एवढंच विचारायचं होतं.