स्कॅनच्या दिवशी उपाशी कोण होतं?

लबाड बारक्यास,

मावशीनं तुला आणि बाबांना स्कॅनच्या खोलीबाहेर पाहिलं नसतं, तर तू मला फोनच केला नसतास. "बाबांच्या लिव्हरवर गाठ दिसलीय, रक्तातला कॅन्सरचा मार्करही वाढलाय, पण तू येऊ नकोस," म्हणालास. मला लांब ठेवायची एवढी घाई? तिथंच शंकेची पाल चुकचुकली. वाटलं, दुखणं आणखी मोठं असणार आणि तू ते दडवतोयस.

म्हणून आज तुझ्या अपरोक्ष बाबांना फोन लावला. आडून आडून विचारलं, तर म्हणतात कसे, "मी मजेत आहे गं. त्या दिवशी बाकावर बसून बिस्किटांचा अख्खा पुडा फस्त केला. ह्याच्या ऑफिसची कसलीशी तपासणी होती. हा मात्र सकाळपासून उपाशी, चहाचा घोटसुद्धा घेईना."

त्या स्कॅनला उपाशीपोटी जावं लागतं, एवढं मलाही कळतं रे. आणि शिरेतून औषध सोडलं की अंगभर गरम वाटतं, तोंडाला लोखंडाची चव येते, हे तूच मला सांगितलंस. बाबांना सुई टोचली असती तर त्यांनी गल्ली डोक्यावर घेतली असती.

हे पत्र काही मी टाकत नाही. टाकलं तर तू नवी थाप रचशील. त्यापेक्षा मीच येते. पुढच्या स्कॅनला बाहेरच्या बाकावर मी बसेन, आणि तू बाहेर येईपर्यंत मीही काही खाणार नाही.

तुझ्यावर काडीचा विश्वास नसलेली,
ताई